सायकलस्वार विद्यार्थ्याचे शिरस्त्राण : निवड व वापर
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



सायकल हे ग्रामीण विद्यार्थ्याचे पहिले वाहन होय. वाडीवरून शाळेपर्यंतचे दोन-चार किलोमीटरचे अंतर जो मुलगा वा मुलगी रोज पायी तुडवीत असे, त्याच्या हाती सायकल येताच वेळ वाचतो, अंगातील थकवा कमी होतो आणि शाळेतील हजेरी सुधारते. गावातील शाळा सातवीपर्यंत असली आणि पुढील वर्ग शेजारच्या गावी असले, तर मुलीचे शिक्षण पुढे चालू राहणे हे पुष्कळदा सायकलीवरच अवलंबून असते. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या अनेक गरजू मुलींना सायकली मिळाल्या, त्या याच हेतूने. तेव्हा सायकलीचे महत्त्व शिक्षकांना पटवून सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु सायकल मिळाली म्हणजे सर्व झाले, असे नव्हे. ज्या रस्त्याने मूल जाते, त्याच रस्त्याने गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जातात, वाळूच्या गाड्या जातात, एस. टी. जाते. गतिरोधकावरील पांढरे पट्टे पुसून गेलेले असतात. पावसाळ्यात खड्डा आणि डबके यांतील भेद कळत नाही. शिवाय दुसऱ्या वाहनाचा धक्का लागूनच मूल पडते, असेही नाही. ओढणी चेनमध्ये अडकते, हँडलला अडकविलेले दप्तर चाकात जाते, मागे बसविलेल्या धाकट्या भावाचा पाय आऱ्यांत सापडतो, वळणावर सांडलेल्या खडीवरून चाक घसरते. गुडघा फुटला तर आठ दिवसांत खपली धरते. हात मोडला तर प्लास्टरमध्ये तो जुळतो. मेंदूला झालेली गंभीर इजा मात्र पुष्कळदा पूर्णपणे भरून निघत नाही. चांगली स्मरणशक्ती असलेले मूल अशा एका आपटीने वर्गात मागे पडू शकते, आणि आपटी अधिक जोराची असेल तर ते वर्गात परतही येत नाही. म्हणून सायकलबरोबर शिरस्त्राण, म्हणजेच हेल्मेट, याचाही विचार शाळेने केला पाहिजे.

शिरस्त्राणाने रक्षण कसे होते

हेल्मेट टणक असते म्हणून ते वाचविते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. बाहेरचे कवच गुळगुळीत व टणक असते, ते रस्त्यावरून घसरावे व टोकदार वस्तू आत शिरू नये यासाठी. खरे काम करतो तो आतील थर. हा थर थर्मोकोलच्याच जातीचा, परंतु अधिक दाट असतो. डोके रस्त्यावर आपटते तेव्हा हा थर चेपतो आणि डोके एकदम न थांबता त्या चेपण्याच्या अंतरात थांबते. उघडे डोके सिमेंटवर आपटले तर ते जेमतेम एक-दोन मिलिमीटरांत थांबते. तेच दोन सेंटिमीटरांत थांबले तर थांबण्याचे अंतर सुमारे दहापट वाढते आणि मेंदूला बसणारा सरासरी झटका त्याच प्रमाणात घटतो. क्रिकेटचा चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो, त्यातील तत्त्व हेच.

वर्गात याचे प्रात्यक्षिक सहज दाखविता येते. थर्मोकोलच्या तुकड्यावर अंगठ्याने जोर देऊन दाबावे. खळगा पडतो आणि बोट काढल्यावरही तो तसाच राहतो. जो थर एकदा चेपला, तो पुन्हा तेवढा चेपू शकत नाही. यावरून मुलांना दोन गोष्टी कळतात : हेल्मेट झटका स्वतःवर घेते, आणि एकदा मोठा झटका घेतलेले हेल्मेट पुन्हा उपयोगाचे राहत नाही.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास फार जुना नाही. 'अरबस्तानचा लॉरेन्स' या नावाने ख्यात झालेले टी. ई. लॉरेन्स हे १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जात असता, सायकलवरील दोन मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात पडले आणि डोक्याच्या दुखापतीने सहाव्या दिवशी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये शिरस्त्राणाचे महत्त्व दाखविणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने मोटारसायकलवरून संदेश नेणाऱ्या सैनिकांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सायकलीच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून आणि न्यूझीलंडने १९९४ पासून हेल्मेटची सक्ती केली. सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या व्यावसायिक स्पर्धांत हा नियम केला तो २००३ मध्ये, आंद्रेई किविलेव हा कझाकस्तानचा नामवंत स्पर्धक फ्रान्समधील शर्यतीत पडून डोक्याच्या दुखापतीने दगावल्यानंतर. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २०१६ मध्ये अनेक देशांतील चाळीस अभ्यास एकत्र करून चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी हेल्मेट घातले होते त्यांच्यात डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशाने कमी आढळली.

निवड करताना

बाजारात हेल्मेट या नावाने जे जे मिळते, ते सर्व सायकलीसाठी योग्य नसते. वडिलांचे मोटारसायकलचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर चढविणे, हा घरोघरी दिसणारा उपाय आहे. परंतु ते मुलाच्या मानेला जड होते, त्यात कान झाकले जाऊन मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज मंद ऐकू येतो आणि ते सैल असल्याने डोळ्यांवर घसरते. बांधकामावरील मजुराचे पिवळे टोप वरून पडणाऱ्या वस्तूपासून बचाव करण्यासाठी असते. रस्त्यावर पडणाऱ्या डोक्यासाठी ते केलेले नसते. क्रिकेटचे हेल्मेट चेंडूसाठी असते. सायकलीचे हेल्मेट वजनाने हलके, साधारणतः पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅमचे असते. त्याला वारा खेळण्यासाठी फटी असतात आणि कान मोकळे राहतात.

खरेदी करताना आतील चिठ्ठी वाचावी. सायकलीच्या हेल्मेटवर युरोपचे 'ईएन १०७८', अमेरिकेचे 'सीपीएससी' किंवा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे 'एएस/एनझेडएस २०६३' यांपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख असावा. यांपैकी ईएन १०७८ मध्ये नकली डोक्यावर चढविलेले हेल्मेट सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर, या वेगाने सपाट पोलादी ऐरणीवर आपटतात; आतील डोक्याला बसणारा झटका गुरुत्वीय त्वरणाच्या २५० पटींहून अधिक होता कामा नये. सुमारे दीड मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग एवढाच असतो, आणि सायकलवर बसलेल्या स्वाराचे डोके जमिनीपासून साधारण त्याच उंचीवर असते. यावरून हे मानक कशासाठी ठरविले आहे, ते ध्यानी येते.

भारतात 'आयएस ४१५१' हे मानक व आयएसआय चिन्ह आहे, ते मोटारीवर चालणाऱ्या दुचाकीच्या हेल्मेटसाठी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानुसार चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने मोटारसायकलवर असे हेल्मेट घातलेच पाहिजे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकाला मोटारसायकलवरून नेताना त्याच्या डोक्याला बेताचे बसणारे हेल्मेट असावे, असा नियम केंद्र शासनाने २०२२ मध्ये केला व तो २०२३ च्या फेब्रुवारीपासून अमलात आला. अशा बालकाला ईएन १०७८ प्रमाणे केलेले सायकलीचे हेल्मेटही चालते. परंतु त्याहून मोठ्या मुलाने वा शिक्षकाने मोटारसायकलवर सायकलीचे हेल्मेट घालणे नियमाला धरून नाही. पायडलच्या सायकलीवर मात्र कायद्याची सक्ती नाही. येथे दंडाची भीती नसल्याने शिकवणुकीचे काम अधिक आहे.

रंग शक्यतो पिवळा, नारिंगी, पांढरा असा उठून दिसणारा घ्यावा. पहाटेच्या धुक्यात व सायंकाळच्या अंधारात गडद रंग दिसत नाही.

माप

आता मुख्य मुद्दा. मापात न बसणारे हेल्मेट डोक्यावर असूनही नसल्यासारखे असते. पालक गणवेश घेताना वाढत्या अंगाचा घेतात. दोन वर्षे पुरावा, हा त्यांतील हिशेब रास्त आहे. हेल्मेटच्या बाबतीत मात्र हा हिशेब घातक ठरतो. सैल हेल्मेट पडतेवेळी कपाळावरून मागे सरकते आणि ज्या जागी रक्षण हवे तीच जागा उघडी पडते.

माप घेण्यासाठी शिंप्याकडील टेप पुरे. टेप नसेल तर सुतळीने माप घेऊन ती फूटपट्टीवर धरावी. भुवयांच्या वर दोन बोटे, तेथून कानांच्या वरून, डोक्याच्या मागील सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवून पुन्हा कपाळावर आणावा. आलेला आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावा. आठ ते बारा वर्षांच्या मुलांत तो साधारणतः ५० ते ५५ च्या दरम्यान येतो. तथापि वयावरून अंदाज बांधू नये, कारण एकाच वर्गातील दोन मुलांच्या मापांत तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज असतो. हेल्मेटवर त्याच्या मापाची मर्यादा, उदाहरणार्थ ५० ते ५६ सेंटिमीटर, छापलेली असते. मुलाचे माप त्या मर्यादेच्या खालच्या टोकाजवळ असेल असे हेल्मेट घेतले, तर मागची चक्री फिरवून ते आज घट्ट बसते आणि पुढील वर्षी थोडे सैल करता येते. पालकांची काटकसर व मुलाची सुरक्षितता या दोहोंचा मेळ अशा रीतीने घालता येतो.

हेल्मेट घातल्यावर, पट्टा न लावता, मुलाला मान पुढे-मागे व डावी-उजवीकडे हलवावयास सांगावे. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली, तर माप बरोबर आहे. हेल्मेट स्वतंत्रपणे डुलत असेल, तर चक्री आवळावी. चक्री पूर्ण आवळूनही डुलत असेल, तर लहान माप पाहावे. पाच मिनिटे घातल्यावर कपाळ दुखू लागले किंवा एखाद्या ठिकाणी लाल वळ उठला, तर ते मापाने लहान अथवा त्या डोक्याच्या ठेवणीला न मानवणारे आहे, असे समजावे.

धारण करण्याची रीत

योग्य हेल्मेट चुकीच्या रीतीने घातले तर केलेला खर्च वाया जातो. यासाठी मुलांना तीन शब्द पाठ करून द्यावेत : डोळा, कान, हनुवटी.

डोळा : हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे असावी. मुलाने नजर वर केली असता ती कड त्याला किंचित दिसावी. ऐटीत मागे सरकवून घातलेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते, आणि पुढे पडणाऱ्याचे कपाळच पुष्कळदा प्रथम आपटते.

कान : दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पुढून व मागून खाली येऊन कानाच्या पाळीच्या अगदी खाली एकत्र मिळावेत. पट्ट्यांचा आकार इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा दिसावा आणि कान त्या व्हीच्या मध्ये मोकळा असावा.

हनुवटी : बकल लावल्यावर पट्टा व हनुवटी यांच्यामध्ये एक, फार तर दोन बोटे जावीत. मुलाने मोठा 'आ' केला, तर हेल्मेट किंचित खाली ओढले गेले पाहिजे. तसे झाले नाही तर पट्टा सैल आहे. बकल लावताना गळ्याची कातडी चिमटली की मूल पुन्हा हेल्मेट घालावयास राजी होत नाही. म्हणून पहिल्या वेळी बकलाखाली बोट ठेवून ते लावावे.

यानंतर शेवटची परीक्षा. हेल्मेट दोन्ही हातांनी पुढून मागे व मागून पुढे ढकलून पाहावे. कपाळ उघडे पडता कामा नये आणि डोळे झाकले जाता कामा नयेत.

मुलींच्या बाबतीत थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. वर बांधलेला अंबाडा, डोक्यावर वळवून रिबिनीने बांधलेल्या वेण्या, मोठा चाप किंवा गजरा यांमुळे हेल्मेट उचलले जाते व पुढे झुकते. सायकलीने येणाऱ्या मुलींनी वेण्या मानेजवळ सैल सोडाव्यात. शाळेत आल्यावर त्या वर बांधण्यास हरकत नाही. ओढणीची टोके दोन्ही बाजूंस खोचून घ्यावीत. टोपीवर किंवा जाड कानटोपीवर हेल्मेट घालू नये. थंडीसाठी गळ्याभोवती रुमाल पुरेसा आहे. एकच हेल्मेट दोन भावंडे वापरत असतील, तर प्रत्येक वेळी चक्री व पट्टे पुन्हा जुळवावे लागतात, याची त्यांना जाणीव द्यावी.

आणखी एक सूचना फार महत्त्वाची आहे. सायकलवरून उतरताच हेल्मेट काढावे. हेल्मेट घालून मूल झाडावर, घसरगुंडीवर किंवा शिडीच्या खेळावर चढले आणि ते एखाद्या फटीत अडकले, तर पट्ट्याने गळफास बसण्याचा धोका असतो. परदेशांत असे प्रसंग घडल्यामुळेच लहान बालकांसाठी 'ईएन १०८०' हे निराळे मानक करण्यात आले. त्यातील बकल ठराविक ओढ बसताच आपोआप सुटते. मधल्या सुट्टीत हेल्मेट खुंटीवर असावे, डोक्यावर नव्हे.

निगा

हेल्मेट कोमट पाणी व सौम्य साबण यांनी धुवावे. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी पुसू नये. ऑइलपेंटने त्यावर नाव रंगवू नये. या द्रव्यांनी आतील थर विरतो व वरून काही दिसत नाही. नाव लिहावयाचे तर कागदी चिठ्ठी पट्ट्याला शिवावी. चुलीजवळ किंवा तापलेल्या पत्र्यावर ते ठेवू नये. एका मोठ्या आपटीनंतर, वरून तडा दिसत नसला तरी, ते बदलावे. अपघात झाला नसला तरी कालांतराने पट्टे झिजतात व थर कमकुवत होतो. पाच ते दहा वर्षांच्या आत नवे घ्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. कोणाचा तरी वापरून टाकलेला हेल्मेट स्वस्तात मिळतो म्हणून घेणे बरे नव्हे, कारण त्याने पूर्वी किती आपट्या खाल्ल्या हे कळण्यास मार्ग नसतो.

मर्यादा

हेल्मेट अपघात टाळीत नाही. पडल्यानंतर डोक्याला होणारी हानी ते कमी करते. भरधाव ट्रकच्या धडकेपुढे पाव किलोचे हेल्मेट पुरे पडत नाही. म्हणून ब्रेक, घंटी, मागील लाल परावर्तक, हवा भरलेली चाके, डावी बाजू, वळण्यापूर्वी हाताची खूण आणि एका सायकलीवर एकच स्वार, हे पाठ आधीचे आहेत. हेल्मेट घातले म्हणजे वेगाने जाण्यास मुभा मिळाली, अशी समजूत मुलांच्या मनात येऊ देऊ नये. नेदरलँड्समध्ये बहुसंख्य लोक हेल्मेटशिवाय सायकल चालवितात. परंतु तेथे सायकलींसाठी रस्त्यांपासून वेगळ्या वाटा आहेत. जेथे सायकल व ट्रॉली यांची वाट एकच आहे, तेथे डोक्याची काळजी स्वाराला अधिक घ्यावी लागते.

हेल्मेट घातलेले मूल पडले तरी त्याच्यावर लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, नाका-कानांतून रक्त वा पाणी यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. 'झोपू द्या, बरे वाटेल' असे म्हणून वेळ दवडू नये. मूल बेशुद्ध असेल व श्वास चालू असेल, तर मान हलवून हेल्मेट ओढून काढू नये. ते काम डॉक्टरांवर सोपवावे.

शाळेचे कर्तव्य

हा विषय परिपाठातील एका सूचनेने साधणार नाही. त्यासाठी जूनमध्ये शाळा उघडल्यावर पाचवी ते सातवीच्या वर्गांनी एक पूर्ण तास द्यावा. मुलांनी जोडीजोडीने एकमेकांच्या डोक्याचे माप घ्यावे, मापे फळ्यावर मांडावीत, सरासरी काढावी. गणिताचा पाठ त्यातच होतो आणि प्रत्येक मुलाचे माप पालकांपर्यंत पोहोचते. एकच हेल्मेट वर्गात आणून डोळा, कान, हनुवटी ही परीक्षा प्रत्येकाकडून करवून घ्यावी. दर महिन्याला एकदा सायकलींची व पट्ट्यांची तपासणी मोठ्या मुलांकडे सोपवावी.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. ज्या घरी वह्यांची जुळवाजुळव कठीण, त्या घराला हेल्मेटचा आग्रह करणे जड जाते. शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांच्यापुढे सायकलस्वार विद्यार्थ्यांची यादी त्यांच्या मापांसह ठेवावी. गावचे देणगीदार घड्याळे व कपाटे देतात. मापांची यादी हाती असेल, तर ते हेल्मेटही देऊ शकतील. सायकल देणाऱ्यांनी तिच्याबरोबरच हेल्मेटचाही विचार करावा, अशी विनंती करता येईल. परंतु हेल्मेट नाही म्हणून एकाही मुलाला फाटकावरून परत पाठवू नये, वर्गात उभे करू नये. रस्त्यावरील धोका टाळण्याच्या नादात शाळाच सुटली, तर ती हानी कमी नव्हे.

नव्या गोष्टीला मुले हसतात. हेल्मेट घालून आलेली पहिली मुलगी वर्गाच्या थट्टेचा विषय झाली, तर दुसरी मुलगी ते घालणार नाही. त्या पहिल्या दिवशी शिक्षकाने काय केले, यावर पुढील वर्षभराची सवय ठरते. तद्वतच, शिक्षकाचे हेल्मेट मोटारसायकलच्या आरशाला टांगलेले असेल, तर त्याच्या पाठाचा उपयोग नाही. मुले फळ्यापेक्षा फाटकाकडे अधिक बारकाईने पाहतात. शाळेच्या फाटकातून आत येणारा प्रत्येक शिक्षक बकल लावलेल्या हेल्मेटनिशी यावा आणि त्याने ते मुलांच्या देखत काढून खुंटीवर ठेवावे. या पाठाला टेप, सुतळी आणि प्रत्येकाची दोन बोटे एवढेच साहित्य लागते, आणि ते प्रत्येक शाळेत आजच उपलब्ध आहे.